स्विमिंग पूलभोवती आर्टिफिशियल लॉन: कोकणातल्या उन्हापावसात टिकतं का?

अंगणवेडी, दिवेआगर

नमस्कार. आमच्या आगरात छोटा स्विमिंग पूल बांधून झालाय, पण त्याच्या भोवतीच्या जागेचं काय करायचं यावर गाडं अडलंय. किनाऱ्याजवळ राहून ज्यांनी आर्टिफिशियल लॉन घातलंय त्यांनी खरं काय ते सांगा. विकणाऱ्यांकडून पुष्कळ ऐकून झालं.

आधी जागा सांगते. समुद्र घरापासून चारशे मीटरवर. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आमच्या मागच्या पोफळी एका दुपारीत आडव्या झाल्या, नारळही निम्मे गेले. ती उघडी पडलेली जागा पुढची काही वर्षं तशीच होती, तिकडे बघवत नसे. मग होमस्टे सुरू केला आणि तिथेच पूल बांधला. २६ फूट बाय १३ फूट, चार फूट खोल, लांबी दक्षिणोत्तर. घर पूर्वेला. उत्तर-दक्षिण टोकांना नऊ-नऊ फूट आणि दोन्ही लांब बाजूंना सात-सात फूट जागा आहे, सगळी मिळून ८५० चौरस फूट. उत्तरेच्या टोकाला एक रायवळ आंबा वाचलाय, त्याची दाट सावली आहे. बाकी डोक्यावर काही नाही.

खरं लॉन दोनदा लावलं. विहिरीचं पाणी मार्चपासून मचूळ होतं, एप्रिलअखेर तोंडात धरवत नाही. दोन्ही वेळा मे महिन्यात गवत कडेनं तांबूस पडत गेलं आणि संपलं. आता तिथे पुळण, म्हणजे समुद्राची वाळू, आणि लाल माती. पोरं पाण्यातून बाहेर येतात, त्यात पाय माखतात आणि तशीच परत उड्या मारतात. फिल्टर रोज धुवावा लागतो.

लॉनवाला ८५ रुपये चौरस फूट सांगतोय, बसवण्यासकट, ३५ मिलिमीटर उंचीचं. पूलच्या कडेपासून कुंपणाच्या गडग्यापर्यंत एकसंध घालून देतो म्हणतो, म्हणजे ७२ हजारांच्या वर. मला तीन गोष्टी कळत नाहीत. एप्रिल-मेच्या उन्हात त्यावर पाय ठेववतो का? आपल्याकडच्या पावसात खाली पाणी साचून कुजत नाही का? आणि क्लोरिनच्या पाण्यानं रंग जातो का?

घरात सासरे आहेत, वय ७६, मधुमेह आहे. नातवंडं आली की दिवसभर त्यांच्या मागे अनवाणी फिरतात. तेवढं लक्षात घेऊन सांगा.

गच्चीवरची, पुणे

आमच्या गच्चीत चार वर्षं आहे. रंग थोडा फिका पडलाय, बाकी तक्रार नाही. संध्याकाळी मस्त वाटतं. दुपारी मात्र आम्ही तिकडे जातच नाही, त्यामुळे तापण्याचं सांगता येणार नाही. पूलचं गणित वेगळं असणार, कारण पूलवर लोक दुपारीच येतात.

पाखाडी, गुहागर

ताई, तुमची शेवटची ओळ वाचली आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसलो. आधी आमच्या बाबांचं सांगतो, लॉनचं मागाहून.

आमचाही होमस्टे आहे. २०२१ च्या डिसेंबरात पूलभोवती ६०० चौरस फूट लॉन घातलं. कडेपर्यंत, एकसंध, तुम्हाला सांगितलंय अगदी तसंच. जानेवारीत ते इतकं देखणं दिसायचं की पाहुणे आधी त्यावर बसून फोटो काढायचे, मग पाण्यात उतरायचे. एप्रिलमधली गोष्ट, दुपारचा एक वाजला असेल. पुतणी पाण्यातून टॉवेल मागत होती. बाबा पडवीतून उठले, खुर्चीवरचा टॉवेल घेऊन पूलच्या कडेला गेले, दोन मिनिटं तिच्याशी बोलत उभे राहिले आणि परत येऊन बसले. अनवाणी. काहीच बोलले नाहीत, कारण त्यांना काही जाणवलंच नव्हतं. संध्याकाळी ते पाय धुवायला बसले तेव्हा आईला दिसलं. दोन्ही तळव्यांना, बोटांच्या खालच्या मांसल भागावर, पाणी भरलेले फोड. वीस वर्षांच्या मधुमेहानं तळपाय बधिर झाले होते आणि आम्हा घरच्यांना ते ठाऊक नव्हतं. जखम भरायला सव्वादोन महिने लागले. रोज ड्रेसिंग. दर आठवड्याला डॉक्टर पट्टी सोडायचे तेव्हा मी त्यांच्या तोंडाकडे बघत बसायचो.

म्हणून पहिलं हेच सांगतो. पाण्याच्या कडेपासून चार फूट आर्टिफिशियल लॉनचा तुकडासुद्धा नको. तिथे दगड घाला. आणि सासऱ्यांच्या चपला पूलकडच्या दारातच ठेवा. दगड असो की लॉन, त्यांनी अनवाणी बाहेर पडायचंच नाही. त्यांच्या तळपायांना स्पर्श किती कळतो हे एकदा डॉक्टरांकडून तपासून घ्या. बारीक नायलॉनचा तंतू टेकवून बघतात, पाच मिनिटांचं काम आहे.

बाबांचं झाल्यावर मी एसी दुरुस्त करणाऱ्या मित्राकडून लांबूनच तापमान दाखवणारी बंदूक आणली. १८ एप्रिल, दुपारी दीड, सावलीतली हवा ३४ अंश. उन्हातलं लॉन ६४. शेजारचा कोटा ५२. जैसलमेरचा पिवळा दगड ४६. गडग्याच्या कडेला आपोआप उगवलेली हरळी ३५. मांडवाखाली लॉनचा एक तुकडा होता, तो ३७. वहीत लिहून ठेवलंय, म्हणून सांगू शकतो. हरळी त्याच उन्हात होती हो! खरं गवत मुळातनं पाणी ओढतं आणि पात्यांतून हवेत सोडतं, त्यानं ते गार राहतं. प्लास्टिकच्या पात्याला ती सोय नाही, ते ऊन घेतं आणि धरून ठेवतं.

लॉनवाला म्हणेल, पाणी मारा, गार होतं. होतं, खोटं नाही. मी नळी मारली तर ३६ वर आलं. दहा मिनिटांनी ४९, वीस मिनिटांनी ५८. अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठानं त्यांच्या फुटबॉलच्या मैदानावर हेच मोजलं होतं. त्या मैदानात काळे रबराचे दाणे भरलेले, त्यामुळे आकडे आणखी वर. पाणी मारल्यावर ७९ अंशांवरून २९ वर उतरलं, पाच मिनिटांत ४९ आणि वीस मिनिटांत परत ७३. म्हणजे दुपारभर दर दहा मिनिटांनी नळी घेऊन उभं राहायचं, तेही मेमध्ये, आपल्या विहिरीच्या पाण्यावर. तुमचं तर पाणीच खारं. ते वाळलं की पात्यांवर पांढरी पुटं धरतात.

उपाय एकच, वरून सावली. भिंतीची किंवा माडाची तिरकी सावली धरून बेत करू नका. मेच्या मध्याला आपल्याकडे भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस तेव्हाच असतो. नेमके पाहुणे भरलेले असतात आणि भिंतीची सावली भिंतीच्या बुडाशी. माडाखाली तर माणसांना बसवूच नका, नारळ कधी पडेल त्याचा नेम नाही.

आता पाऊस. माझ्याकडे लॉनखाली सिमेंटचा कोबा होता आणि त्याला उतार नव्हता. लॉनच्या पाठीला भोकं असतात, त्यातून पाणी खाली जातं हे खरं. पण खाली गेलेल्या पाण्यानं पुढे जायचं कुठे? आपल्याकडे एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस ही काही बातमी नव्हे. तुमच्या ८५० चौरस फुटांवर तेवढा पडला तर ते ७,९०० लिटर पाणी झालं. आमच्याकडे जुलैत वास यायला लागला. आधी वाटलं ड्रेनेजचा आहे, प्लंबर बोलावला, चेंबर उघडले, काही नाही. नागपंचमीच्या आदल्या दिवशी पावसानं उघडीप दिली तेव्हा मी एका कोपऱ्यातून लॉन उचललं. खिळे गंजून तपकिरी झालेले, निम्मे हातात मोडले. खाली बोटभर काळा गाळ, खाजणातल्या चिखलाला येतो तसा वास, त्यात गांडुळं. पाठीचा पांढरा थर पापडासारखा सुटत होता, हात लावला की पात्यांचे झुबके जागेवरून निघून यायचे. आणि मधोमध, जिथे जरा कोरडं होतं तिथे, वेटोळं करून कवड्या साप बसलेला. बिनविषारी, त्याला शेजारच्या बागेत सोडला. पण त्याच जागेवर मण्यार असती तर, हा विचार अजून येतो. पोरं त्यावर लोळत होती.

ज्यानं बसवलं त्यानं फोन उचलणं बंद केलं. जाऊ दे.

आता जे करतो ते सांगतो. आपल्या खळ्यातला मांडव आठवा. दिवाळीनंतर उभा राहतो आणि आगोटीला, पावसाच्या तोंडावर, उतरतो. पावसात मांडव ठेवायचा असतो असं आपल्याकडे कुणाच्या डोक्यातही येत नाही. मी लॉनला तोच न्याय लावला. सहा फुटी तुकडे केले, त्यात वाळू भरली नाही, जोडाला गोंद लावला नाही. दगडी पट्टीच्या बाहेर, लॉनच्या जाडीइतक्या खोल खाचेत ते बसवतो, म्हणजे दगड आणि लॉन एका पातळीत येतात आणि कुणी अडखळत नाही. वर पोफळीच्या वाशांचा मांडव. मेअखेर दोघं जण तुकडे उचलतो, पाठ-पोट धुतो, दोन दिवस उन्हात उलटे वाळवतो आणि गुंडाळून माळ्यावर टाकतो. पावसाळ्यात तिथे नुसती खडी असते, पाणी बघता बघता जिरतं. तिसरं वर्ष आहे. वास नाही, गाळ नाही.

गुंडाळताना पाती बाहेरच्या बाजूला ठेवा, आत दाबली गेली की पुढच्या वर्षी उभी राहत नाहीत. आणि उंदरांपासून जपा.

अंगणवेडी, दिवेआगर

पाखाडी दादा, तुमच्या बाबांचं वाचून सासऱ्यांना तसंच वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत, पण उठून चपला घालून आले. उद्याच तपासणीला नेते.

मला दोन शंका आहेत. कडेला दगड कुठला घालू? आमच्या घराला जांभा आहे, तोच पुढे न्यावा असं मनात होतं. आणि आमच्याकडे खाली अडीच-तीन फूट पुळणच आहे. तिच्यात पाणी झटकन जिरतं. मग खडीचा वेगळा थर हवा का, की नुसतं सपाट करून लॉन अंथरलं तर चालेल?

चिरेबंदी, रत्नागिरी

मी बारा वर्षं हेच काम करतोय, पूलभोवतीची फरशी आणि आर्टिफिशियल लॉन दोन्ही. लॉन विकणं माझा धंदा आहे, तरी पाखाडी म्हणतात त्यातलं चार फुटांचं मला शंभर टक्के मान्य आहे. मी कडेपर्यंत लॉन घालायचं काम घेतच नाही. गिऱ्हाईक रागावून दुसऱ्याकडे गेलंय, तरी नाही.

दगडाचं आधी. जांभा पूलच्या कडेला नको. सच्छिद्र आहे, ओल धरतो आणि आपल्या पावसात त्यावर असं शेवाळ चढतं की धडधाकट माणूस सपाट पडेल. गडग्याला, पायऱ्यांच्या बाजूंना खुशाल वापरा. पॉलिश केलेला कोटा किंवा ग्रॅनाईटही नको, ओल्या पायाला काच होते. जैसलमेर किंवा तसाच फिकट, खरबरीत पृष्ठभागाचा दगड घ्या. तोही उन्हात तापतोच, पण गडद दगडाहून कमी, आणि पूलची कड शिंतोड्यांनी ओली राहते. त्याला सीलर मात्र दोन हात मारा, कारण आपले लोक अंगाला खोबरेल चोपडून पाण्यात उतरतात आणि पिवळ्या दगडावर तेलाचा डाग कायमचा बसतो. लॉनवर तेल सांडलं तर तिथे धूळ चिकटते, ते भांड्यांच्या साबणानं निघतं.

पुळणीवर थेट लॉन अंथरू नका. पाणी जिरेल, पण आठवड्याभरात पावलांचे खड्डे पडतील, खिळे धरणार नाहीत आणि खेकडे खालून बिळं काढतील. पाच इंच खोदा. तळाला जिओटेक्स्टाइलचं कापड अंथरा, म्हणजे पुळण वर येत नाही आणि खडी खाली बसत नाही. त्यावर तीन इंच २० एमएमची खडी, वर इंचभर ग्रिट, म्हणजे बारीक कच. प्रत्येक थर पाणी शिंपडून प्लेट कॉम्पॅक्टरनं दाबायचा, लहान जागा असेल तर धुमसानं. चेचून घट्ट झाला पाहिजे. मुरूम किंवा लाल माती टाकून लेव्हल करून देतो असं कुणी म्हणालं तर त्याला चहा पाजून परत पाठवा, तिचा पहिल्या पावसात चिखल होतो आणि खडीची तोंडं बुजतात. उतार चार फुटाला एक इंच, आणि तो पूलपासून बाहेर. पूलच्या दिशेनं उतार दिला तर पहिल्या सरीत सगळी घाण पाण्यात.

दगड आणि लॉन यांच्या मधे अरुंद गटार ठेवा. जाळी स्टेनलेसची घ्या, पण ३१६ ग्रेडची. ३०४ ग्रेडची स्वस्तात देतात. खारा वारा आणि क्लोरिन दोन्ही असतील तिथे तिच्यावर वर्षभरात तपकिरी ठिपके येतात.

क्लोरिनची काळजी करू नका. पूलमध्ये १ ते ३ पीपीएम असतं, त्यानं पॉलिएथिलीनच्या पात्यांना काही होत नाही. रंग जातो तो उन्हानं, म्हणून यूव्ही संरक्षणाची लेखी हमी घ्या. पण क्लोरिनच्या गोळ्यांचा डबा, ॲसिडचा कॅन लॉनवर ठेवू नका. गोळी ओल्या लॉनवर पडून राहिली की तिथे पांढरा चट्टा, आणि ॲसिड सांडलं तर पाठ जाते.

पाठ लेटेक्सची असते किंवा पॉलियुरेथेनची. पाखाडींची जी पापडासारखी सुटली ती लेटेक्सची असणार, सतत ओली राहिली की तिचं तसंच होतं. किनाऱ्यावर पॉलियुरेथेन मागा, भाव थोडा चढतो. नमुना घेऊन दोन-तीन दिवस बादलीत बुडवून ठेवा, मग पात्यांचा झुबका चिमटीत धरून ओढून बघा.

एक गोष्ट कुणी विचारत नाही. तुमचं घर पूर्वेला, म्हणजे घराची पूलकडची बाजू पश्चिमेला. तिथे मोठी सरकती काच आहे का? असेल आणि ती आरशासारखी चमकणारी असेल, तर दुपारनंतरचं ऊन तिच्यावरून एका पट्ट्यात लॉनवर पडतं आणि पाती वितळून गुठळ्या होतात. मी दोन ठिकाणी पाहिलंय. बाहेरून बांबूची चटई सोडली की प्रश्न मिटतो.

आता मतभेद. दरवर्षी उचलण्याच्या मी बाजूचा नाही. उचलताना कडा फाटतात, पाठीला घड्या पडतात. थर नीट दाबलेला असेल, उतार असेल, पाठ पॉलियुरेथेनची असेल तर पावसात राहू द्या. माझी अशी कामं पाच-सहा पावसाळे बघून बसली आहेत.

आंबोळी, दापोली

मी शेतीतली पदवीधर, इथल्याच कोकण कृषी विद्यापीठाची. घरी रोपवाटिका आहे, त्यामुळे प्लास्टिकच्या गवताला माझं मन राजी होत नाही, हे आधीच सांगून टाकते.

अंगणवेडी, तुमचं लॉन दोनदा मेलं, पण ते कुठलं होतं? नाजूक जातीचं असेल तर खाऱ्या पाण्यावर ते मरणारच. समुद्री पास्पॅलम म्हणून गवत आहे, ते मुळातच खाजणाच्या कडेला वाढणारं. समुद्राकाठची गोल्फची मैदानं त्यावर असतात. आपली हरळीही मीठ बऱ्यापैकी सोसते. पाखाडींच्या गडग्याशी ती कुणी लावली होती? विहिरीचं पाणी बाटलीत भरून माती-पाणी परीक्षण प्रयोगशाळेत द्या आणि क्षारता मोजून घ्या. एप्रिलअखेरचं पाणी द्या, पावसाळ्यातलं देऊन उपयोग नाही. आणि खारं पाणी द्यायचंच तर रोज थोडं थोडं शिंपडू नका. त्यानं मीठ वरच्या दोन इंचांत साठतं. चार दिवसांनी एकदा, पण भरपूर, म्हणजे मीठ मुळांच्या खाली वाहून जातं. तुमची पुळण त्याला उत्तम.

पाय पडत नाहीत अशा बाजूला, गडग्यालगत, मर्यादवेल लावा. पुळणीवर आपण रोज बघतो तीच, जांभळ्या फुलांची. तिला पाणी नको, खत नको, खाऱ्या वाऱ्याचं काही वाटत नाही. तुकडे आणून जूनमध्ये खोचले की दिवाळीपर्यंत वाळू झाकून टाकते.

आणखी एक, हे मनापासून. आर्टिफिशियल लॉनची पाती उन्हानं ठिसूळ होऊन झडतात. ते तुकडे पावसाच्या पाण्याबरोबर पऱ्ह्यात, खाडीत आणि समुद्रात जातात. तुमच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. मैदानात भरायच्या रबराच्या आणि प्लास्टिकच्या दाण्यांवर युरोपीय संघानं २०२३ मध्ये बंदीचा नियम केला, २०३१ पासून ते विकता येणार नाहीत. दाणे तर घालूच नका. गटाराच्या तोंडाशी बारीक जाळीची टोपली ठेवा आणि तिच्यातलं हातानं काढा. ज्याचं लॉन जुनं होऊन पाती तुटायला लागली, त्यानं ते काढावं, आणखी दोन वर्षं ओढू नये.

पाखाडी, गुहागर

आंबोळीताई, जाळीच्या टोपलीचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आज सकाळी जाऊन बघितलं तर खडीच्या कडेला हिरव्या तंतूंचा चिमूटभर कचरा खरंच होता. टोपली आणतो.

चिरेबंदी, तुमचं काम बघितलेलं नाही, पण तुम्ही सांगता तसे थर असतील तर पावसात राहील हे पटतं. तरी मी उचलणारच. थर चांगला असला तरी जूनपासून चार महिने त्यावर आंब्याचा पाला पडतो, सुरूच्या काड्या पडतात. सुरूची काडी पात्यांत अशी गुंतते की खराट्यानं निघत नाही, एकेक वेचावी लागते. ती तिथे कुजली की तिची माती होते, मातीत तण रुजतं. पूल चार महिने बंद, मग लॉन कुणासाठी ठेवायचं? कडा फाटण्याचं तुमचं बरोबर आहे. मी कडेला पाठीमागून चार इंची पट्टी शिवून घेतलीय, ताडपत्री शिवणाऱ्याकडून. त्यानंतर फाटलेलं नाही.

ताई, अजून एक. थंडीत पाहुणे पोपटी मागतात, म्हणजे मडक्यात वालाच्या शेंगा भरून जाळात भाजलेली. ती लॉनपासून वीस पावलं लांब लावा आणि वारा बघून लावा. एक ठिणगी उडाली की रुपयाएवढं भोक पडतं, त्याला दुरुस्ती नाही, तुकडाच बदलावा लागतो.

अंगणवेडी, दिवेआगर

सगळ्यांचे आभार. आज दोरी धरून आखणी केली, ती सांगते, चुकत असेन तर थांबवा.

चारही बाजूंनी चार फूट खरबरीत जैसलमेर, ते ३७६ चौरस फूट होतंय. लांब बाजूंना त्यापलीकडे तीनच फूट उरतात. तिथे लॉन नाही, आंबोळीताई म्हणतात तशी मर्यादवेल, जूनमध्ये. दोन्ही टोकांना पाच-पाच फूट उरतात. रोल साडेसहा फूट रुंद येतो, म्हणजे जोड न देता बसेल. एका टोकाला २७ फूट लांबी, तिचे साडेतेरा फुटांचे दोन तुकडे, असे एकूण चार तुकडे. २७० चौरस फूट. उत्तरेला आंब्याची सावली आहेच. दक्षिणेला मांडव घालतो. वादळात पडलेल्या पोफळी चिरून ठेवल्या होत्या, त्यांच्या रिपा अजून मांगरात आहेत. त्या कामाला लागतील याचं सासऱ्यांना फार बरं वाटलं, कालपासून मोजमाप तेच घेतायत. तुकडे आगोटीला उचलायचे. थर मात्र चिरेबंदी सांगतात तसेच.

लॉनवाल्याला फोन केला. एवढ्याशा कामाला येणार नाही म्हणाला, तेव्हा लॉन नुसतं विकत घेऊन आम्हीच बसवतो. चकचकीत काच आहे हो आमची, चटई आणते.

सासऱ्यांची तपासणी झाली. डाव्या पायाच्या तीन ठिकाणी त्यांना तंतू लागलेला कळला नाही. डॉक्टरांनी मऊ तळव्याच्या चपला लिहून दिल्यात, घरातसुद्धा घालायच्या.

एकच राहिलं, खिळे कुठले घेऊ?

चिरेबंदी, रत्नागिरी

जस्ताचा मुलामा दिलेले यू आकाराचे, सहा इंची. खाली पुळण आहे म्हणून तुम्ही आठ इंची घ्या. कडेनं दर फुटावर एक, मधे दर तीन फुटांवर. ठोकताना पाती बोटांनी बाजूला करा, नाहीतर खिळ्याखाली दबून तिथे खळगी दिसते. आणि काढताना मोजा. जितके ठोकले तितके हातात आले पाहिजेत, एखादा खडीत राहिला तर तो कुणाच्या तरी पायात जाईल.

अंगणवेडी, दिवेआगर

मोजून लिहून ठेवते. मांडवाच्या खांबावरच लिहिते, म्हणजे मेमध्ये शोधायला नको.